जोडणीची अवस्था आणि दोषनिदान : आज्ञेद्वारे संगणक-जाळ्याचे निरीक्षण

महाविद्यालयाचा प्रवेश अथवा निकालविषयक सर्व्हर प्रतिसाद देईनासा झाला की दोष बहुधा इंटरनेटच्या माथी मारला जातो. वस्तुतः दोष जाळ्याचा आहे की आज्ञावलीचा, याचा पुरावा पुष्कळदा त्याच सर्व्हरवर उपलब्ध असतो. तो वाचण्याचे परिचित साधन म्हणजे १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सपासून प्रचलित असलेली ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा होय. लिनक्समध्ये तिची जागा आता ‘एसएस’ या अधिक वेगवान आज्ञेने घेतली आहे.

या आज्ञांच्या उत्तरात प्रत्येक टीसीपी जोडणीसाठी एक ओळ असते. तीत दोन्ही बाजूंचे पत्ते व पोर्ट क्रमांक आणि जोडणीची अवस्था दिलेली असते. अशा अकरा अवस्था १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात निश्चित झाल्या. २०२२ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या आरएफसी ९२९३ मध्येही त्या कायम आहेत. त्यांपैकी तीन अवस्था निदानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या ठरतात.

१) सिन-सेंट : जोडणीची विनंती पाठविली गेली, परंतु उत्तर आलेले नाही. अशा ओळी टिकून राहिल्यास मार्ग, फायरवॉल किंवा पलीकडील संगणक तपासावा.

२) टाइम-वेट : जोडणी बंद करण्यात पुढाकार घेणाऱ्या बाजूस ही अवस्था येते. उशिरा पोहोचणारी जुनी पॅकेट नव्या जोडणीत मिसळू नयेत, हा तिचा हेतू. लिनक्समध्ये ती ६० सेकंदांनी संपते. तिची संख्या मोठी दिसली तरी तो सहसा दोष नसतो.

३) क्लोज-वेट : पलीकडील बाजूने जोडणी बंद केली, मात्र स्थानिक आज्ञावलीने आपले टोक बंद केलेले नाही. या अवस्थेस कालमर्यादा नाही. अशा जोडण्या साचत गेल्या की आज्ञावलीस उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा संपते व नव्या जोडण्या स्वीकारल्या जात नाहीत. येथे केबल किंवा राउटर बदलणे व्यर्थ होय. सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने तात्पुरता आराम पडतो. खरा उपाय आज्ञावलीतील दुरुस्ती हाच असतो.

जोडणी कोणत्या प्रक्रियेची आहे, हे विंडोजमध्ये ‘नेटस्टॅट’ला ‘ओ’ हा पर्याय आणि लिनक्समध्ये ‘एसएस’ला ‘पी’ हा पर्याय जोडल्यास कळते. इतरांच्या प्रक्रिया पाहण्यासाठी लिनक्समध्ये प्रशासकाचे अधिकार आवश्यक असतात.

एकाच क्षणाचे निरीक्षण मात्र पुरेसे नसते. ठरावीक अंतराने तीच आज्ञा देऊन प्रत्येक अवस्थेची संख्या नोंदवावी. क्लोज-वेटचा आकडा सतत वाढत असेल, तर नवी यंत्रसामग्री खरेदी करण्यापूर्वी आज्ञावली तपासणे उचित ठरते.