वजनावर लावलेले बक्षीस

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या मोरहेड सिटी बंदरात दरवर्षी जूनमध्ये मार्लिन माशाच्या शिकारीची स्पर्धा होते. २०२३ साली ‘सेन्सेशन’ या बोटीने सहा तासांहून अधिक झुंजून ६१९.४ पौंडांचा मासा काट्यावर आणला. त्या स्पर्धेत त्याहून मोठा मासा कोणी आणला नाही. परंतु मुशीने त्याचे लचके तोडल्याचे आढळले आणि नियमानुसार तो बाद ठरला. सुमारे ३५ लक्ष डॉलर हातचे गेले! हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याचा मार्लिनही मुशींनीच खाल्ला होता; फरक इतकाच, की तो म्हातारा पोटासाठी समुद्रावर गेला होता.

आम्हांस या खेळाचा तिटकारा नाही. १९५३ च्या ऑगस्टमध्ये पेरूच्या काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी १५६० पौंडांचा काळा मार्लिन एकट्याच्या बळावर दोरीने ओढून आणला. तो विक्रम आजही अबाधित आहे, आणि दर्यावर्दी माणसाला त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. आमचा आक्षेप तराजूला आहे. मार्लिनचा नर क्वचितच तीनशे पौंडांच्या पुढे जातो. म्हणजे पाचशे, हजार पौंडांचा जो मासा बक्षीस मिळवतो, तो बहुधा मादीच असतो; लक्षावधी अंडी घालणारी, वर्षानुवर्षे वाढलेली मादी. वजनावर बक्षीस लावणे म्हणजे जातीच्या जननीवरच इनाम जाहीर करणे होय.

याला पर्याय नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या बाहेर, प्रवाळभिंतीच्या कडेला, सप्टेंबर ते डिसेंबर या काळात काळे मार्लिन अंडी घालण्यास जमतात. तेथील शिकारी आता बहुतेक मासे बोटीच्या कडेलाच खूणचिठ्ठी टोचून सोडून देतात. वाटोळा गळ वापरला, तर तो पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि सोडलेला मासा जगण्याचा संभव वाढतो. खेळाची रंगत त्याने कमी झालेली नाही.

मार्लिन आपल्या अरबी समुद्रातही आहे, आणि पर्यटकांना गळ टाकण्यास नेणाऱ्या होड्या गोव्याच्या किनाऱ्यावर आहेतच. पैसेवाल्या हौशी पाहुण्यांसाठी उद्या येथेही अशी स्पर्धा भरवण्याची कल्पना कोणास सुचली, तर नवल नाही. आपल्या रापणकारांनी सत्तरीच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध लढा दिला, तो माशांच्या विणीच्या जागा उद्ध्वस्त होतात म्हणूनच. आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्यापूर्वी पदरमोड करून घर चालवणे काय असते, हे कोळणीला विचारावे. जो निर्बंध गरिबाच्या चुलीला लागू आहे, तो हौशी पाहुण्याला का नसावा? अशा स्पर्धेला परवाना द्यायचाच, तर मासा पाण्यातच मोजून सोडण्याच्या अटीवर द्यावा, आणि जेटीवर तराजू उभारू देऊ नये, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.