उडी मारायचीय? आधी उतरण बांधा!

एक फळी, चार विटा आणि एक सायकल. महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही वाडीत सुट्टीत जा, हे त्रिकूट दिसणारच. फळीचं एक टोक जमिनीवर, दुसरं विटांवर. लांबून पॅडल मारत यायचं आणि... धाड! क्युबिकलमध्ये बसून हे वाचणाऱ्या मंडळींपैकी निम्म्यांच्या गुडघ्यावर याचा पुरावा अजून असेल, पाहा पँट वर करून.

आता या खेळाला ग्लॅमर आलंय. १९७०च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसवाल्यांची नक्कल करत साध्या सायकली मातीच्या ढिगाऱ्यांवरून उडवायला लागली आणि त्यातून बीएमएक्स नावाचा खेळ उभा राहिला. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्स रेसिंग आलं, टोकियोत फ्रीस्टाइलही. आपल्याकडे जानेवारी २०२४मध्ये पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा बाइक मातीच्या टेकाडांवरून उडताना लोकांनी स्टेडियममध्ये बसून पाहिल्या. त्याचे व्हिडिओ आमच्या गावापर्यंत पोचले. गाव पोलादपूर तालुक्यात, हायवे सोडून बरंच आत. नाव सांगणार नाही, नाहीतर दर वीकएण्डला पाहुण्यांची रांग लागेल आणि काकी मला घरात घेणार नाही.

दिवाळीनंतर गावी गेलो, तर वाडीतल्या एका पोराचं मनगट प्लास्टरमध्ये. कारण अर्थातच फळी. आणि माझा तेरा वर्षांचा भाचा त्याच फळीखाली आणखी दोन विटा सरकवत होता! ‘बंद करा हा धंदा’ असं ओरडून काही होत नाही हे मला ठाऊक होतं. मोठ्यांची पाठ वळली, की फळी पुन्हा बाहेर येते. म्हणून म्हटलं, बांधायचीच तर नीट बांधू.

फळीचा लोचा काय असतो? ती मधे वाकते आणि पुन्हा सरळ होताना नेमकं मागचं चाक उडवते. मग मागचा भाग वर, नाक खाली आणि स्वार हँडलवरून पुढे. शिवाय विटा सरकतात, खिळे वर येतात. पण हे सगळं दुय्यम. खरी गोम पुढे आहे. चढ सगळेच बांधतात, उतरण कुणीच बांधत नाही.

शाळेतलं फिजिक्स आठवा. फेकलेला चेंडू ज्या उंचीवरून सुटला त्याच उंचीवर परत येताना, जेवढा तिरका वर गेला होता तेवढाच तिरका खाली येतो. सायकलचंही तेच. वीस अंशांच्या चढावरून उडालेलं चाक वीस अंशांच्या उतारावर टेकलं, तर ते जमिनीला घासत टेकतं, दणका जवळजवळ लागतच नाही. तेच चाक सपाट अंगणात पडलं तर? चढ एक फुटाचा आणि वेग ताशी २० किलोमीटर धरला, तरी जवळपास दीड फुटावरून आपटल्यासारखं होतं. खुर्चीच्या उंचीवरून सायकलसकट खाली! तो सगळा दणका मनगट आणि गळ्याजवळचं हाड खातं.

म्हणून आम्ही ठरवलं टेबलटॉप. म्हणजे चढ, मधे सपाट माथा आणि पलीकडे उतरण, मधे कुठेही खड्डा नाही. हा आकार नवशिक्यांसाठी देवमाणूस आहे. वेग कमी पडला तर माथ्यावर टेकता, आणि उडायचंच नसेल तर सायकल नुसती वरून चालवत नेता येते. चढाची उंची एक फूट. तो फळीसारखा सरळ नाही, तर तळाशी जवळजवळ सपाट आणि हळूहळू वर वळत टोकाला वीस अंश, यासाठी साडेपाच फूट लांबी. माथा तीन फूट. आणि उतरण मात्र आठ फूट, शेवटी पुन्हा अलगद जमिनीत मिसळणारी. आमच्या परसात मुळातच एक फुटाची पायरी आहे, तिच्यावरून माती उतरवली, त्यामुळे उतरणीला दोन फुटांची उंची आयती मिळाली. कोकणातल्या बहुतेक परसांना असा उतार असतोच. रुंदी चार फूट, त्याहून कमी नको. कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप फळीवर ठेवलं, झालं काम. (फळीचा हा एकच उपयोग मला मान्य आहे.)

आता माती. हिशोब काढला तर पाऊण ब्रासच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शंभराच्या वर घमेली वाहिल्यावर ऑफिसच्या जिमची फी फुकट गेल्याचं लक्षात येतं. पोरांनी शॉर्टकट शोधला होता. ‘मामा, घरामागची माती मऊ आहे, दोन तासात काम!’ घरामागे डोंगराचा कडा उतरतो. भाच्याने टिकाव उचललासुद्धा. तेवढ्यात काका पडवीतून उठून आले. आवाज न चढवता म्हणाले, ‘तिकडं हात लावायचा नाय.’ आणि टिकाव हातातून काढून घेतला.

शहरात वाढलेल्यांना हा प्रकार ओव्हर वाटेल. पण २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी घरं गाडली. त्याआधी जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही महाडची गावं अशीच ढिगाऱ्याखाली गेली होती. या दोन तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याला कुदळ मारायची नाही, ही अंधश्रद्धा नव्हे. उताराचा पायथा वरच्या मातीला टेका देऊन असतो. तो कापला, की वरचा भार मोकळा पडतो आणि कापलेल्या जागेतून पाणी आत शिरतं. पाऊण ब्रास मातीने डोंगर खाली येईलच असं नाही. पण आज जंप, उद्या गोठा, परवा गाडीची जागा, असंच तर प्रत्येक जण कोरत जातो. त्यातून इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस.

मग माती आली कुठून? खालच्या खाचरातला गाळ काकांना काढायचाच होता. भातकापणी झालेली, जमीन अजून ओलसर. त्यात थोडा मुरूम. दगडगोटे वाळूच्या चाळणीने बाजूला काढले, कारण आतला एक गोटा सुटला की अख्खा कोपरा ढासळतो.

आणि इथून पुढे काम माझ्या हातातून गेलं. इंटरनेटवरचे माझे सगळे व्हिडिओ काकींनी पाच मिनिटं पाहिले आणि म्हणाल्या, ‘हे तर अंगण करण्यासारखं आहे.’ करेक्ट! पावसाळा संपला की कोकणात दरवर्षी अंगण नव्याने करतात. माती उकरायची, पाणी शिंपडायचं, चोपायची, सारवायची. परदेशातले डर्ट जंपवाले फावड्याच्या पाठीने जे करतात तेच आपल्याकडच्या बायका चोपण्याने करत आल्यात, फक्त त्याला कुणी अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट म्हटलं नाही.

काकींचा पहिला नियम, मातीचा लाडू वळून पाहायचा. मुठीत दाबल्यावर वळला आणि बोटाने टोचल्यावर दोन तुकडे झाला, तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. दुसरा नियम, ढीग ओतून वरून थापटायचं नाही. चार-सहा इंचांचा थर, त्यावर पाण्याचा शिडकावा, मग धुम्मस. तो थर दगडासारखा वाजायला लागला की पुढचा. धुम्मस मारताना पोरं आळीपाळीने दमली आणि त्यांचा संध्याकाळचा स्क्रीन टाइम आपोआप शून्यावर आला. चढाचं टोक आणि माथ्याची पुढची कड मात्र काकींनी स्वतः चोपली, कारण सगळ्यात आधी तुटतात त्या या दोन कडा. शेवटी शेणाने सारवलं. त्याने धूळ उडत नाही आणि भेग पडली तर लगेच दिसते. ओलं सारवण घसरतं, त्यामुळे दोन दिवस कुणालाही जवळ फिरकू दिलं नाही. ते दोन दिवस सगळ्यात कठीण गेले, विचारू नका!

मेच्या सुट्टीत हे बांधायला जाऊ नका. तेव्हा माती भाजलेली असते आणि वरच्या वाड्यांना टँकरचं पाणी येतं. जिथे हंडा मोजून वापरतात तिथे जंप शिंपायला पाणी मागायचं कुठल्या तोंडाने? नोव्हेंबर-डिसेंबर बेस्ट.

जागा निवडताना सायकलस्वाराच्या नव्हे, पडणाऱ्याच्या नजरेने बघायचं. आमच्या परसात विहीर आहे, तिचा कठडा गुडघ्याएवढा, म्हणून जंपची दिशा थेट उलटी. उतरणीनंतर चाळीस फूट मोकळी, सपाट वाट ठेवली, कारण मातीवर ब्रेक लागेपर्यंत सायकल बरीच पुढे जाते. कपडे वाळत घालायची दोरी बरोबर गळ्याच्या उंचीला होती! ती आधी सोडली. तुळशीवृंदावन, गोठ्याचा खांब, जात्याचा जुना दगड, सगळं वाटेच्या बाहेर. कोंबड्यांचं मात्र काही करता आलं नाही. एक मोठा माणूस वाटेच्या कडेला उभा राहून ‘ये’ म्हणेपर्यंत कुणी सुटायचं नाही, हा उपाय कोंबड्या आणि धाकटी पोरं दोघांसाठी काढला.

वेगाचं गणित सगळ्यात फसवं. ताशी १५ किलोमीटरला सायकल साधारण सव्वा मीटरच्या आत उडते, २०ला दोन मीटर, ३०ला थेट साडेचार. वेग दुप्पट, तर उडी चौपट. आमच्या आठ फुटी उतरणीला १५ ते १७चा वेग चालतो, २०ला सायकल तिच्याही पुढे सपाटीवर पडेल. म्हणून पॅडल बंद! वरच्या खाचरातून परसात येणारी वाट चार फूट उतरते. तिथून नुसती सोडलेली सायकल पंधराच्या आसपास येते, हे आधी जंपच्या बाजूने रिकामी चालवून मोबाइलवर मोजलं. मग चुन्याची रेघ मारली. रेघेच्या मागून कुणी सुटायचं नाही.

सायकलचं थोडक्यात. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड काढा, हँडल आणि चाकांचे नट आवळा, दोन्ही ब्रेक तपासा. बारीक टायरची रेसर सायकल यात आणू नका, ऑफिसातल्या मित्राची कितीही महागडी असली तरी. हेल्मेट सायकलचंच हवं, आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं लिहिलेलं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद, बाहेरून कितीही चकाचक दिसो. गुडघ्या-कोपरांना पॅड, पायात बूट. चपलेवर नो एण्ट्री.

पहिल्या दिवशी कुणीच उडलं नाही. नुसतं वरून चालवत न्यायचं, वीस वेळा. सीटवरून उठलेलं, दोन्ही पॅडल एका पातळीत, कोपरं सैल, नजर उतरणीच्या पायथ्याशी. पुढचा ब्रेक चढावर विसरायचा. हँडल वर ओढायचं नाही, सायकल वर न्यायचं काम मातीचं आहे. दुसऱ्या दिवशी भाचा रेघेवरून सुटला. मागचं चाक माथ्यापलीकडे उतरणीवर टेकलं, पाठोपाठ पुढचं. आवाज आला तो फक्त टायरचा. मग मनगटवाला पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘माझं प्लास्टर कधी निघंल ओ?’ त्याला सध्या पंचगिरी दिलीय.

कुणी डोक्यावर पडून उलटी केली, गुंगला किंवा काही क्षण शुद्ध गेली, तर ‘जरा पड’ म्हणू नका. १०८ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. आमच्यासारख्या गावातून हायवेपर्यंत यायलाच वेळ जातो, त्यामुळे परसात एक चालू गाडी असल्याशिवाय जंप बंद, हा नियम काकांनी घातला.

रोज सकाळी कडांवर पाणी शिंपून चोपणं फिरवावं लागतं. भेग दिसली की त्या दिवशी सुट्टी. आणि मेअखेर जंप मोडायची. पावसात ती राहिली, तर आठवड्यात चिखल होईल आणि परसातलं पाणी अडवून घराच्या जोत्याकडे वळवेल. काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, ती माती परत खाचरात, लावणीच्या आधी. घमेली वाहायला मला रजा टाकावी लागणार. बॉसला कारण काय सांगायचं, सुचवा कुणीतरी.