जुना संगणक लवकर जागा कसा होईल ?

सकाळीं संगणकाची कळ दाबावी, चहाचें आधण ठेवावें, चहा होऊन तो पिऊनहि व्हावा, आणि तरीहि पडद्यावरील चक्र फिरतच असावें, हा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. मग ‘यंत्र म्हातारें झालें, आतां नवें घ्यावें’ असा निकाल एकमतानें लागतो. बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांत हा खर्च लहान नव्हे. म्हणून त्यापूर्वीं वाचकांनीं थोडें थांबावें, अशी आमची विनंति आहे. कारण बहुधा दोष यंत्राच्या बुद्धीचा नसून त्याच्या कोठाराचा असतो.

संगणक सुरू होतांना हजारों लहान लहान तुकडे कोठारांतून काढून स्मृतींत आणावे लागतात. जुन्या यंत्रांत हें कोठार म्हणजे हार्ड डिस्क. मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी. तिजवर वाचणारें टोंक सारखें इकडून तिकडे धांवतें, व एकेक तुकडा गांठण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग जातो. असे दहा हजार तुकडे विखुरलेले असले, तर नुसत्या धांवपळींतच १०० सेकंद गेले !

पहिला उपाय बिनखर्ची आहे. विंडोज १० मध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील ‘स्टार्टअप’ या सदरांत, न बोलावतां पंक्तीस येऊन बसणाऱ्या पाहुण्यांची यादी मिळते. गाणीं ऐकविणारे, गप्पांचे असे कार्यक्रम तेथें बंद करावे. ते नाहींसे होत नाहींत. बोलावल्यावांचून येत नाहींत, इतकेंच. विषाणुरोधक कार्यक्रमास मात्र हात लावूं नये.

एवढ्यानें न भागल्यास तबकडी काढून तेथें एस्‌एस्‌डी बसवावी. तिच्यांत फिरणारा भागच नसतो. तोच तुकडा सेकंदाच्या सुमारें दहा हजाराव्या भागांत हातीं येतो. म्हणजे वरील १०० सेकंदांचा हिशेब एका सेकंदावर येतो ! नव्या संगणकाच्या मानानें हा खर्च पुष्कळच थोडा असतो. परंतु घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें यांची नक्कल आधीं दुसरीकडे करून ठेवावी. एकदां गेलेलीं छायाचित्रें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहींत.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. चपळ झालेलें यंत्र सुरक्षितहि झालें, असें समजून त्यावर पेढीचे व्यवहार करूं नयेत. विंडोज ११ त्यावर चालत नसल्यास लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालतां येते. मुलांचें लेखनवाचन तीवर उत्तम चालतें.

घरांतील शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला म्हणून आपण यंत्र मोडींत घालीत नाहीं. तोच न्याय येथें लावावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.