काळाच्या हातातील केस : मेंडोसिनोच्या मेसनिक वास्तूचे वाचन

गुप्ततेची शपथ घेणाऱ्या बंधुमंडळाने आपले एक गूढ प्रतीक भर रस्त्यावर, वास्तूच्या माथ्यावर उभे करावे, हा विरोधाभास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मेंडोसिनो या छोट्या गावी पाहावयास मिळतो. लान्सिंग रस्त्यावरील फ्रीमेसन लॉजची शुभ्र लाकडी इमारत एरिक अल्बर्टसन याने १८६६ नंतरच्या काही वर्षांत उभारली. मनोऱ्यावरील शिल्पही त्याचेच, रेडवूडच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेले. भग्न स्तंभापाशी एक तरुणी उभी असून मागून पंखधारी वृद्ध, म्हणजे काळ, तिच्या केसांत बोटे गुंफतो आहे.

हे लाकूडही आकस्मिक नव्हे. १८५० मध्ये ‘फ्रॉलिक’ हे जहाज या गावाच्या उत्तरेस खडकांवर फुटले. माल हाती लागतो का हे पाहण्यास गेलेल्यांनी रेडवूडच्या अरण्यांची वार्ता आणली, आणि १८५२ च्या सुमारास येथे लाकूडगिरणी उभी राहिली. (हे जहाज मूळचे मुंबईहून चीनकडे अफू नेणारे होते, हे आपल्याकडील वाचकाने ध्यानी घ्यावे.)

शिल्पातील प्रसंग पुरातन भासतो. तसा तो नाही. बायबलमध्ये शलमोनाच्या मंदिरासाठी राबणारा हिराम नावाचा धातुकारागीर आहे. त्याचा वध तेथे नाही, आणि ही तरुणी तर नाहीच. वधाची कथा लॉजच्या विधीतील आहे. तरुणीचे चित्र जेरेमी क्रॉस याच्या १८१९ च्या मार्गदर्शिकेमुळे अमेरिकेत रूढ झाले. ग्रंथाच्या मौनातून विधी, विधीतून छापील चित्र आणि चित्रातून लाकूड असा हा प्रवास आहे. मेसनिक अन्वयार्थाप्रमाणे स्तंभ म्हणजे अकाली मारला गेलेला हिराम, तरुणी म्हणजे अपुरे राहिलेले मंदिर, आणि केसांचा गुंता सोडवणारा काळ म्हणजे धीर व चिकाटी.

येथे भारतीय वाचक अडखळतो. मृत्यूने केस धरले आहेत असे समजून धर्माचरण करावे, ही संस्कृत सुभाषितातील कल्पना त्याच्या परिचयाची आहे. तेथे केसांवरील हात त्वरा शिकवतो. येथे तोच सबुरी शिकवतो. बाहेरच्याने लावलेला भयसूचक अर्थ चुकीचा ठरवण्याची घाई मात्र मी करणार नाही. ज्यांनी हे शिल्प उघड्यावर ठेवले, त्यांनीच त्याचे अर्थनिर्णयन परक्यांच्या हाती सोपवले आहे.

विसाव्या शतकात या इमारतीत बँक आली. पैसे भरण्यास येणाऱ्यास हिराम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मनोऱ्यावरचा म्हातारा मात्र त्याला रस्त्यावरूनच दिसे.