लाभांशाचा ठराव आणि भागधारकाचा हात

पावसाळ्यात कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. कामकाजपत्रिकेत हिशेबांच्या मंजुरीपाठोपाठ एक ठराव हटकून असतो : संचालक मंडळाने शिफारस केलेला लाभांश जाहीर करणे. सूचक, अनुमोदक, टाळ्या आणि पुढचा विषय, अशी पूर्वीची रीत होती. आता सभा पुष्कळदा पडद्यावर आणि मतदान संगणकावर होते, एवढाच फरक. निवृत्तीच्या पैशातून शेअर घेतलेल्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरात मात्र त्या ठरावाची वाट पाहिली जाते. त्या ठरावात त्याचा हात किती असतो?

कंपनी कायद्याच्या नमुना नियमावलीत याचे उत्तर आहे. १९५६ च्या कायद्यात ते होते, २०१३ च्या कायद्यातही कायम आहे. सभा लाभांश जाहीर करू शकते, परंतु मंडळाने सुचविलेल्या रकमेहून अधिक नव्हे. म्हणजे कंपनीचा मालक म्हणून ज्याला गौरविले जाते त्याला आपल्या ताटातले कमी करता येते, वाढून घेता येत नाही! मंडळाने शिफारसच केली नाही, तर ठराव सभेपुढे येतही नाही. अंतरिम लाभांश तर मंडळ सभेला न विचारता आपल्याच अधिकारात देते.

या नियमामागे शहाणपण नाही असे नाही. यंत्रसामग्री, कर्जफेड, मंदीची तरतूद यांचा अंदाज मंडळालाच असतो. बहुमताने तिजोरी रिकामी करण्याची मुभा दिल्यास उद्याचा कारखाना आजच्या हप्त्यात संपेल. १९७४ साली महागाई रोखण्यासाठी सरकारनेच लाभांशावर मर्यादा घातली होती : निव्वळ नफ्याचा एकतृतीयांश किंवा दर्शनी किमतीच्या १२ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते.

परंतु प्रवर्तकाची गरज आणि लहान भागधारकाची गरज एक नसते. प्रवर्तकाला बहुधा कंपनीतून वेतन मिळतेच. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर कंपनीऐवजी भागधारकाच्या उत्पन्नावर बसतो. वरच्या पायरीवर कर भरणाऱ्या प्रवर्तकाला नफा कंपनीतच राहिलेला बरा वाटला, तर नवल नाही.

एकदा ठराव झाला की लाभांश हे कंपनीवरचे ऋण होते. ३० दिवसांत न दिल्यास दरसाल १८ टक्के व्याज. हे संरक्षण भक्कम आहे. ठरावाआधीचा प्रांत मात्र मोकळा आहे. ‘सेबी’ने २०१६ मध्ये बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना, आणि २०२१ मध्ये पहिल्या १००० कंपन्यांना, लाभांशाचे धोरण प्रसिद्ध करण्यास भाग पाडले. ते धोरण मंडळ ठरविते; सभेच्या मंजुरीची अट नाही. ही अट घालावी. दर तीन वर्षांनी धोरण मतास टाकावे आणि नफा असूनही लाभांश नाकारला असल्यास त्याची कारणे, रक्कम कोठे गुंतविली त्या आकड्यांसह, संचालकांच्या अहवालात द्यावीत. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांवर सभेत प्रश्न विचारता येईल.