गोणीच्या मागे गेलेलं विद्यापीठ

मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार म्हटलं की महाविद्यालयांच्या आवारात रंगाचे डबे उघडतात. हिरवी आणि निळी कचराकुंडी शेजारीशेजारी मांडली जाते, गांडूळखताच्या टाकीभोवतीचं तण निघतं आणि या सगळ्याचे जिओ-टॅग केलेले फोटो सातव्या निकषाच्या फाइलमध्ये जाऊन बसतात. सोबत ग्रीन ऑडिटचा अहवाल. फोटोवर अक्षांश-रेखांश अगदी चोख असतात. ती निळी कुंडी भरल्यावर तिच्यात हात कोण घालतं, हे मात्र फोटोत येत नाही.

पुणेकरांना हे जरा जास्त झोंबायला हवं. या शहरात एका विद्यापीठाच्या हातून कचऱ्याचं जे खरं मोठं काम झालं, ते पर्यावरणाच्या विभागातून निघालेलं नाही. ते निघालं कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातून, पाटी-पेन्सिलीच्या निमित्ताने.

महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये हे विद्यापीठ काढलं, तिथपासूनची सत्तरेक वर्षं इथे एका वाक्यात ओलांडली तरी चालतील. गोष्ट सुरू होते १९९० च्या आसपास. विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरतेचं काम हाती घेतलं. मुलांना गाठायचं तर ती असतात तिथे जावं लागणार, म्हणून पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांच्या सहकारी गोण्यांच्या मागोमाग कुंड्यांवर जाऊ लागल्या. तिथे मुलांच्या आया भेटल्या. शहरात हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच होत्या, बहुतेक दलित. बाहत्तरच्या दुष्काळात गाव सुटलेली कुटुंबंही त्यांत होती.

या बायकांना अक्षरओळखीपेक्षा निकडीची वाटली ती साधी हिशेबाची गोष्ट. खरकट्यात भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. तोच कागद घरातून कोरडा मिळाला तर पैसे जास्त, वेळ कमी, आणि फुटक्या काचेने हात चिरण्याची भीतीही कमी. आजच्या भाषेत याला ‘स्रोतापाशी वर्गीकरण’ म्हणतात आणि त्यावर चर्चासत्रं होतात. तेव्हा ती कुंडीपाशी उभ्या असलेल्या बाईची मागणी होती. विद्यापीठाचं नाव पाठीशी घेऊन तीसेक जणी सोसायट्यांच्या दारापर्यंत पोचल्या.

पोचल्या, तोच एक ठेकेदार गाडी घेऊन त्याच वस्तीत कचरा न्यायला आला. आपल्याकडे कचऱ्याला किंमत आहे हे सिद्ध व्हायचा अवकाश, गाडी येतेच! बायकांनी विरोध केला, रहिवाशांना आपली बाजू पटवली आणि काम राखलं. पण तीस जणींचं काम असं एकेका दारी किती दिवस राखणार? हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव आणि कचरावेचक आईचे चिरंजीव मोहन ननावरे सोबत होते. मे १९९३ मध्ये पुण्यात अधिवेशन भरलं, आठशेहून अधिक कचरावेचक आले आणि संघटना जन्मली. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. गोणीतला माल ज्या क्रमाने वेगळा करावा, तसंच ते नाव.

त्या दशकाकडे परत परत वळावंसं वाटतं. कुठे चोरी झाली की पहिला संशय गोणीवर जायचा, आणि पोलिसांपुढे दाखवायला गोणीवालीकडे काही नसायचं. १९९५-९६ च्या सुमारास पंचायतीच्या ओळखपत्रांवर पुणे महापालिकेची मोहोर उमटली. देशात असं करणाऱ्या पहिल्या महापालिकांत पुण्याची गणना होते. ओळखपत्रावर फोटो, नाव, आणि शहराने दिलेली कबुली की ही बाई काम करते आहे. त्याच काळात सुशिक्षित पेठांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत पर्यावरणावर व्याख्यानं ऐकणारा वर्ग ओला-सुका एकाच पिशवीत बांधून ‘कचरेवाली आली का?’ विचारत होता, हेही नोंदलेलं बरं. कचरा करणारा कचरेवाला नाही आणि नेणारी मात्र कचरेवाली, हा मराठीचा नव्हे, आपला दोष.

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात विद्यापीठाचा हात दिसतो. एकेक कचरावेचक महापालिकेला दरमहा २४६ रुपयांचं श्रम फुकट देते, असा हिशेब त्यात मांडला गेला. महापालिकेने नंतर या बायकांचा आरोग्यविम्याचा हप्ता भरायला घेतला. दया दाखवा असं म्हणण्याऐवजी आकडा पुढे ठेवला, विद्यापीठाने करायचं ते हेच. हे नॅकच्या त्या फाइलमध्ये बसवायचं तर कुठल्या निकषाखाली, हा प्रश्न उरतोच.

पुढचं भराभर सांगता येतं. २००० च्या घनकचरा नियमांनी दारोदार संकलन सक्तीचं केलं, २००५ मध्ये पंचायत आणि पालिकेने प्रायोगिक तत्त्वावर ते सुरू केलं, २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पालिकेशी पाच वर्षांचा करार. बायका नोकर नाहीत, संस्थेच्या सभासद. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिन्सची पाकिटं उत्पादक कंपन्यांना परत पाठवली, तेव्हा शहर दोन दिवस ओशाळलं. त्याआधी आणि नंतरही उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोजवळच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, की शहराला आपला कचरा आठवायचा. गाड्या सुटल्या की पुन्हा विसर.

करार मात्र कधीच निर्धास्त झाला नाही. २०२० च्या अखेरीस पुढच्या कराराची मुदत संपली तेव्हा, टाळेबंदीतही दारात आलेल्या या बायकांना मुदतवाढीसाठी रस्त्यावर यावं लागलं. गाड्यांचे, ठेक्यांचे प्रस्ताव पुन्हा टेबलावर. तीस वर्षांत ठेकेदाराची गाडी मोठी झाली, इतकंच. आणि या वेळी रहिवाशांना समजावायला गोणीमागून चालत येणारं विद्यापीठ दिसलं नाही. विद्यापीठं आता परिसराच्या भिंतीच्या आत शाश्वत असतात.

सुरुवातीला दारोदार संकलनाचं महिन्याला घरटी दहा ते तीस रुपये शुल्क होतं. ते वाढलं, तसा वादही वाढला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सोसायटीच्या जिन्यावर तो अजून ऐकू येतो. वर दारात उभे असलेले काका बोटांवर मोजत असतात, मागच्या महिन्यात मावशी नेमक्या कोणत्या दोन दिवशी आल्या नव्हत्या. मावशी खाली ढकलगाडीपाशी दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढत असतात. पाठीमागे निळ्या बादलीत, वर्तमानपत्रात न गुंडाळलेली फुटकी बरणी.