छायाचित्राचे रंग आणि प्रीसेटांची व्यवस्था

छायाचित्र टिपण्याचें काम क्षणांत होतें. त्यास रंगरूप देण्याचें काम मात्र पुष्कळ वेळ खातें. फिल्मच्या काळीं हा दुसरा भाग काळोख्या खोलींत, रसायनांच्या उग्र वासांत उरकला जाई आणि सामान्य गृहस्थास त्याची गंधवार्ताही नसे. आतां तो घरोघरच्या संगणकावर होऊं लागला आहे. एखाद्या विवाहसमारंभांत दोनतीन हजार छायाचित्रें सहज निघतात. त्यांतील प्रत्येकाचा उजेड, छाया, लालपिवळ्याचें प्रमाण हातानें बसवावयाचें म्हटलें, तर नवदांपत्याचा पहिला दिवाळसण पार पडेल तरी अल्बम हातीं यावयाचा नाहीं. ह्या अडचणींतून जो उपाय निघाला त्याचें नांव प्रीसेट.

प्रीसेट म्हणजे एका छायाचित्रावर केलेल्या फेरफारांची नांव देऊन जतन केलेली नोंद. छायेचा भाग किती उजळला, निळा रंग किती उतरविला, कॉन्ट्रास्ट किती चढविला, ह्याचे आंकडे त्या नोंदींत असतात; चित्र मात्र तींत मुळींच नसतें. गृहिणीच्या परिभाषेंत सांगावयाचें तर प्रीसेट ही मसाल्याची बरणी नव्हे, मसाल्याचें प्रमाण लिहिलेला कागद होय. अ‍ॅडोबी कंपनीच्या लाइटरूम ह्या सॉफ्टवेअरमधील प्रीसेटाची फाईल साध्या नोटपॅडमध्यें उघडून पाहिली, तर फेरफारांचीं नांवें व त्यांपुढील आंकडे, एवढेंच काय तें दिसतें. लाइटरूम फेब्रुवारी २००७ मध्यें बाजारांत आलें आणि व्यावसायिक छायाचित्रकारांत त्याचा मोठा प्रसार झाला. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्याच्याच संगणकावरील 'क्लासिक' आवृत्तीस धरून आहे.

एक गोष्ट प्रथमच ध्यानांत घ्यावयास हवी. लाइटरूम मूळ छायाचित्राच्या रंगांस हात लावीत नाहीं. केलेले सर्व फेरफार सूचनांच्या रूपानें 'कॅटलॉग' नांवाच्या एका वहींत टिपले जातात, आणि त्या सूचना मूळ चित्रास लावून जें रूप येतें तें पडद्यावर दिसतें. प्रीसेट लावला म्हणजे त्यांतील आंकडे त्या चित्राच्या खातीं वहींत उतरतात. आणि एकदां उतरले कीं प्रीसेटाचा व चित्राचा संबंध संपतो. पुढें प्रीसेटांत सुधारणा केली तरी पूर्वीं संस्कार केलेलीं छायाचित्रें बदलत नाहींत. प्रीसेट पुसून टाकला तरी तीं जशींच्या तशीं राहतात. नवख्या माणसास हें ठाऊक नसल्यामुळें तो जुने प्रीसेट पुसावयास भितो, आणि त्याच्या यादीचें हळूहळू अडगळीच्या खोलींत रूपांतर होतें. भिण्याचें कारण कांहीं नाहीं.

प्रीसेट जतन करतांना लाइटरूम एक यादी पुढें करतें, व तींतील ज्या गोष्टींपुढें खूण करावी तेवढ्याच जतन होतात. सगळें कौशल्य ह्या खुणा करण्यांत आहे, किंबहुना कोणत्या खुणा करूं नयेत हें ओळखण्यांत आहे. पुष्कळ लोक उतावळेपणानें सर्वच खुणा करून मोकळे होतात, आणि मग प्रीसेट एका चित्रावर सुंदर व दुसऱ्यावर भेसूर कां दिसतो ह्याचें नवल करीत बसतात. ह्याचें सर्वांत मोठें कारण व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याचा समतोल.

पांढरें धोतर दिव्याच्या उजेडांत पाहिलें काय आणि दुपारच्या उन्हांत पाहिलें काय, माणसास तें पांढरेंच वाटतें. कारण प्रकाशाच्या रंगाची वजावट मेंदू आपोआप करून टाकतो. कॅमेऱ्याच्या चित्रांत ही वजावट आंकड्यानें करावी लागते. तिचें माप केल्विन ह्या परिमाणांत देतात. मेणबत्तीचा उजेड सुमारें १,९०० केल्विन, जुन्या तारेच्या दिव्याचा सुमारें २,८००, दुपारच्या उन्हाचा सुमारें ५,५००, आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा ७,००० किंवा त्याहूनही अधिक. आतां असें समजूं कीं, सकाळीं अंगणांत हळद लागतांनाचें एक चित्र छायाचित्रकारानें मनासारखें बसविलें आणि ५,५०० ह्या आंकड्यासकट त्याचा प्रीसेट करून ठेवला. तोच प्रीसेट त्यानें रात्रीं तारेच्या दिव्यांखालीं काढलेल्या पंक्तीच्या चित्रांना लावला, कीं वाढलेला भात केशरी होतो आणि पंक्तींतल्या मंडळींना कावीळ झाल्यासारखी दिसते. दोष प्रीसेटांतील रंगयोजनेचा नसतो. जो आंकडा त्या सकाळच्या उजेडाचा होता तो रात्रीच्या उजेडावर लादला, हा दोष. उजेडाच्या कमीजास्तपणाचा, म्हणजे एक्स्पोजरचा, आंकडाही असाच त्या त्या चित्राचा असतो. म्हणून हे दोन्ही आंकडे प्रीसेटाबाहेर ठेवावेत. ह्याला अपवाद एकच: एकाच सभागृहांतील, एकाच दिव्यांखालील चित्रमालिकेपुरता जो प्रीसेट करावयाचा, त्यांत पांढऱ्याचा समतोल घालणें सोयीचें असतें.

ह्यासंबंधीं आणखी एक बारकावा आहे. कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ, फाईलींत केल्विनचा आंकडा प्रत्यक्ष दिसतो. जेपेग फाईलींत रंगांचा हिशेब कॅमेऱ्यानेंच पुरा करून टाकलेला असल्यामुळें लाइटरूम तेथें केल्विन दाखवीत नाहीं. उणें १०० पासून अधिक १०० पर्यंतची सापेक्ष पट्टी देतें. तेव्हां रॉवर बसविलेल्या समतोलाचा अर्थ जेपेगवर तोच राहत नाहीं. मोबाइलचीं आणि मोठ्या कॅमेऱ्याचीं चित्रें एकाच प्रीसेटानें सारखीं करूं पाहणाऱ्याची फजिती बहुधा येथेंच होते.

एकावर एक दोन प्रीसेट लावले तर काय होतें, हाही प्रश्न वारंवार पडतो. त्यांची बेरीज होते अशी समजूत आहे. ती खरी नाहीं. जी गोष्ट दोहोंतही नोंदविलेली असेल तिच्यापुरता नंतरचा प्रीसेट पहिल्याचा आंकडा पुसून आपला बसवितो. जी केवळ पहिल्यांतच आहे ती तशीच राहते. ह्या नियमाचा मोठा उपयोग करून घेतां येतो. एक प्रीसेट केवळ कॉन्ट्रास्टचा, दुसरा केवळ हिरव्यानिळ्याचा, तिसरा केवळ दाणेदारपणाचा, असे लहान लहान केले तर ते एकमेकांच्या वाटेस न जातां जोडीनें वापरतां येतात. पांच लहान प्रीसेटांतून जेवढीं मिश्रणें साधतात तेवढीं साधावयास मोठे प्रीसेट डझनांनीं करावे लागतील.

आतां विकत मिळणाऱ्या प्रीसेटांविषयीं. लाइटरूम रंगांचे आठ वांटे करतें: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा आणि किरमिजी. प्रत्येकाची छटा, गडदपणा व उजळपणा स्वतंत्रपणें फिरवितां येतो. माणसाची त्वचा, मग ती गोरी असो वा सांवळी, ह्या वांटणींत बहुतांशीं नारिंगीच्या घरांत पडते. परदेशांत तयार झालेले विवाहसमारंभाचे कित्येक प्रीसेट नारिंगीचा उजळपणा चढवितात, पिवळा तांबूसपणाकडे झुकवितात आणि हिरव्याचा गडदपणा बराच उतरवितात. गोऱ्या वर्णावर, मळकट हिरव्या कुरणांत, पांढऱ्या पोषाखावर तें शोभतें. तोच प्रीसेट मराठी लग्नास लावला म्हणजे हळदीचा पिवळा गेरूसारखा होतो आणि नवरीच्या हातांतील हिरवा चुडा राखेच्या रंगावर जातो. हिरवा चुडा हिरवा दिसत नसेल तर त्या चित्रांत राहिलें काय? वधू सांवळी असेल तर तिचा चेहरा पांढुरका व निर्जीव दिसतो, आणि शेजारीं उभा असलेला तिचा भाऊही परका वाटूं लागतो. कांहीं विक्रेते ह्याच परिणामाची 'उजळ त्वचा' म्हणून जाहिरात करतात. एखाद्या मुलीचा स्वतःचा वर्ण पुसून तो अल्बम तिच्या हातीं ठेवणें ह्यास संस्कार म्हणणें कठीण आहे. असा अल्बम पुढें पन्नास वर्षें घरांत राहतो आणि नातवंडें आजीचें रूप त्यावरूनच जाणतात.

विकत घेतलेला प्रीसेट टाकूनच दिला पाहिजे असें मात्र नाहीं. तो एका चित्रास लावून नारिंगी, पिवळ्या व हिरव्या वांट्यांतील आंकडे शून्यावर आणावेत, उरलेला भाग मनास येतो कीं काय पाहावें, आणि आल्यास तो नव्या नांवानें जतन करावा. कसोटीसाठीं भिन्न वर्णाचीं माणसें, भिन्न उजेड आणि एखादी गडद रंगाची साडी असलेलीं पांचसहा चित्रें वेगळीं काढून ठेवावींत. प्रत्येक नवा प्रीसेट प्रथम त्यांच्यावर चालवून पाहावा. अलीकडच्या आवृत्त्यांत प्रीसेटाची मात्रा ठरविणारी एक पट्टी आहे. तिची मूळ जागा १०० असून ती शून्यापासून २०० पर्यंत सरकवितां येते. भडक प्रीसेटाची मात्रा पन्नासावर आणली तर तो पुष्कळदां सभ्य होतो.

व्यवस्थेचा भाग त्यामानानें सोपा आहे. प्रीसेटांचे गट करतां येतात. गटांत नांवें वर्णानुक्रमानें लागतात, म्हणून आरंभीं ०१, ०२ असे आंकडे घातल्यास क्रम आपल्या हातीं राहतो. 'सुंदर', 'अति सुंदर', 'नवा सुंदर' असलीं नांवें सहा महिन्यांनीं देणाऱ्यासही उलगडत नाहींत. 'पावसाळी उजेड, निळा कमी' असें नांव उलगडतें. नित्याचे प्रीसेट आवडत्यांच्या गटांत घालावेत. लाइटरूमबरोबर जे प्रीसेट येतात ते पुसतां येत नाहींत, परंतु व्यवस्थापनाच्या खिडकींत त्यांच्या गटापुढील खूण काढली कीं ते दृष्टीआड होतात. जुन्या प्रीसेटांत सुधारणा करावयाची असेल तर नवा करण्याऐवजीं चालू आंकड्यांनीं तोच अद्ययावत करण्याची सोय उजव्या बटणाखालीं आहे. ती न वापरल्यामुळेंच एका प्रीसेटाच्या सात आवृत्त्या जमतात.

सर्वांत अधिक नुकसान जेथें होतें तो भाग सांठवणुकीचा. एप्रिल २०१८ पर्यंत लाइटरूमचे प्रीसेट एका निराळ्या नमुन्याच्या फाईलींत राहत. तेव्हांपासून ते एक्सएमपी ह्या नमुन्यांत राहूं लागले, आणि त्यामुळें फोटोशॉपबरोबरच्या कॅमेरा रॉ ह्या साधनासही तेच प्रीसेट वापरतां येऊं लागले. ह्या फाईली कॅटलॉगच्या आंत नसतात. लाइटरूम कॅटलॉगची जी नक्कल वेळोवेळीं काढून ठेवतें तींत प्रीसेट येत नाहींत. संगणकाची डिस्क बिघडली म्हणजे काळजीवाहू माणसाचीं छायाचित्रें वांचतात, कॅटलॉग वांचतो, आणि अनेक वर्षांच्या खटपटीनें जमविलेले प्रीसेट तेवढे जातात. त्यांची जागा दाखविणारें बटण प्रेफरन्सेसमधील प्रीसेटांच्या पानावर आहे. तेथील फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवावें, किंवा गटावर उजवें बटण दाबून तो झिप फाईलीच्या रूपानें बाहेर काढावा. जे प्रीसेट गेलेच असतील, त्यांचे आंकडे संस्कार केलेल्या जुन्या चित्रांच्या खातीं कॅटलॉगमध्यें अद्याप असतात. तसें एखादें चित्र निवडून त्यावरून प्रीसेट पुन्हां करतां येतो.

प्रीसेट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यांत नेतां येत नाहींत, हेंही जाणून असावें. डार्कटेबल ह्या मोफत सॉफ्टवेअरमध्यें त्यांना 'स्टाइल' म्हणतात, रॉथेरपीमध्यें 'प्रोफाइल' म्हणतात. प्रत्येकाचें गणित निराळें, त्यामुळें एकाचे आंकडे दुसऱ्यास निरर्थक. अ‍ॅपल कंपनीनें २००५ मध्यें अ‍ॅपर्चर नांवाचें असेंच एक साधन काढलें होतें. त्याचा विकास थांबविल्याचें २०१४ मध्यें जाहीर झालें, २०१५ मध्यें विक्री बंद झाली, आणि २०१९ मधील मॅकओएसच्या कॅटलिना आवृत्तीपासून तें चालेनासें झालें. ज्यांनीं त्यांत दहा दहा वर्षें रंग बसविले होते त्यांचीं मूळ छायाचित्रें शाबूत राहिलीं; दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्यें गेल्यावर रंग मात्र नव्यानें बसवावे लागले. म्हणून घरांतील महत्त्वाच्या प्रसंगांचीं निवडक चित्रें, संस्कार पुरा झाल्यावर, पूर्ण आकाराच्या जेपेग किंवा टिफ फाईलींत निराळीं काढून ठेवावींत. अशा फाईलींत रंग चित्रांतच मुरलेले असतात. त्या उघडावयास प्रीसेट लागत नाहीं, कॅटलॉग लागत नाहीं, आणि लाइटरूमही लागत नाहीं.